दुसरी दोरी

हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. मग वाटलं, दोरीपासून करावी.

सर्वेशनं ओली दोरी कमरेशी आवळली आणि टाचा वाळूत रुतवून मागं रेलला. माडांवरून ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. होडीनं समुद्रात जाळं अर्धगोल टाकलेलं; त्याची एक दोरी इथं आणि दुसरी पलीकडं, हाक पोचेल न पोचेल एवढ्या अंतरावर. दोन्हीकडं माणसं ओढत होती. रापणीचा, म्हणजे अशा किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, कायदा एकच, दोरीला हात लावला त्याला माशाचा वाटा. मग तो म्हातारा असो, पाहुणा असो की शाळेत जाणारं पोर. तोंडवलीत सगळ्यांचं बालपण त्या दोरीला धरूनच गेलेलं. सर्वेशची आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची बोट होती, पण रापण लागली आणि गिऱ्हाईक नसलं की पाय आपसूक इकडं वळायचे.

त्याच्या दोन माणसं पुढं संचिता होती. शिवाची मुलगी, चौथीतली. कमरेला प्लास्टिकची पिशवी खोचलेली, दोरी ओढण्यापेक्षा दोरीला लोंबकळणं जास्त. तिचा बाप गोव्याच्या ट्रॉलरवर. आई, सुगंधा, घरी पर्यटकांना जेवण करून घालायची.

बाबलीआबा आला. आबा रापणीचा म्होरक्या. त्याला ठरलेली जागा नव्हती. दोरी सैल दिसेल तिथं तो हात घालायचा. पोरांना वाटा देताना स्वतःच्या वाट्यातली मूठभर मासळी वर टाकायचा, म्हणून पोरं त्याच्या मागं असायची. तो संचिताच्या मागं उभा राहिला आणि दोरी धरली.

संचितानं दोरी सोडली.

फ्रॉक झटकला आणि वाळूतून चालत पलीकडच्या दोरीला जाऊन लागली. पोर आहे, कंटाळली असेल, असं सर्वेशला वाटलं. थोड्या वेळानं आबा तिकडची दोरी बघायला गेला. तशी ती तीही दोरी सोडून वर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. तिची पिशवी तिथंच वाळूत पडलेली.

सर्वेशचे हात थांबले. मागचा डॉमिंगो त्याच्या पाठीवर आदळला.

"रे सर्वेशा, झोपलंस काय मेल्या? कालची उतरूक नाय वाटता."

रांगेत हशा पिकला. सर्वेश हसला नाही. त्याला दुसरंच कोणीतरी दिसत होतं, असंच दोरी सोडून वाळूतून पलीकडं चालत जाणारं.

अनिश.

पाचवीपर्यंत अनिश आणि तो एका दोरीला, पुढं सर्वेश आणि मागं अनिश. अनिश मागून हळूच त्याची चड्डी ओढायचा आणि वर "जोर लाव रे जोर" म्हणून सगळ्यांच्या आधी ओरडायचा. वाट्याला आलेले बोटभर पेडवे मासे ते घरी न्यायचेच नाहीत. करवंट्या पेटवून तिथंच भाजायचे, बोटं भाजत खायचे आणि घरी जाऊन सांगायचे, आज वाटाच मिळाला नाही. उरलेला वेळ कुर्ल्यांच्या बिळात काटक्या घालण्यात. असं वाटायचं की हे कधी संपणार नाही.

आणि एका सकाळी अनिश पलीकडच्या दोरीला जाऊन उभा राहिला. का, ते सांगितलं नाही. आदल्या दिवशी पेडव्यांचा मोठा ढीग सर्वेशनं खाल्ला होता. अनिश त्यावरूनच रुसला, असं त्यानं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आपला सगळा वाटा केळीच्या पानात बांधून तो त्याच्या दारात गेला. अनिश बाहेर आलाच नाही. त्याच्या आईनं पान घेतलं आणि दार लावलं. शाळा सुरू व्हायच्या आत अनिश देवगडला मामाकडं गेला, तो तिकडचाच झाला. पुढं दिवाळीला भेटायचे, हसायचे, बोलायचे. रापणीवर मात्र तो कधी आला नाही. सर्वेशनंही विचारायचं सोडलं, एवढ्याशा माशांवरून माणूस किती वर्षं रुसतो, असं मनात म्हणत.

आबा त्या वेळीही म्होरक्याच होता.

त्या दिवशी सर्वेशनं वाटा घेतला नाही. तो तसाच ओल्या कपड्यांनी सुगंधाच्या मागच्या दारी गेला. ती खोबरं खवत होती.

"सुगंधावहिनी, संचिताक बरा नाय काय?"

"नाय रे. हांतरूणात मुतता परत, इतकी मोठी होवन. झोपेत दचाकता. शाळेत पण जाव नाय म्हणता." तिनं करवंटी फिरवली. "आबा सांगी होतो, तिन्हीसांजेची सुरूच्या बनात गेली असतली, थयलाच काय तरी लागला. मंगळवारी देवळात गाऱ्हाणा घालूया म्हणता. तोपर्यंत शिकवणीसून तोच आणून सोडता तिका, बनातल्या वाटेन. देवमाणूस हां तो."

सर्वेश दारातच उभा होता.

"वहिनी, तिका तेच्या वांगडा धाडू नको."

"कित्याक?"

"आज रापणीर बघलंय. तो जवळ इलो काय ती दोरी सोडता. दोनदा बघलंय." मग खालच्या आवाजात, "तिका जवळ घेवन इचार. ओरडान नको. आणि ती सांगात ता खरा मान."

सुगंधाचा हात विळीवरच राहिला. ती बराच वेळ खोबऱ्याच्या किसाकडं बघत होती, त्यात काही पडलंय की काय असं. मग विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला हाक मारली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. काय कळलं ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. शाळेच्या भिंतीवर मुलांसाठीचा नंबर रंगवलेला होता, दहा अठ्ठ्याण्णव. रोज त्यावरून जायचे, कधी नीट वाचला नव्हता. तो सर्वेशनं लावला आणि फोन सुगंधाच्या हातात दिला.

मालवणहून बाई आली ती पोलीस आहे असं कोणाला वाटलंच नसतं. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. नाव सुशीला. ती खुर्चीवर बसली नाही. संचिताच्या शेजारी जमिनीवर बसली, आधी मांजरीबद्दल विचारलं, मग भातुकलीतल्या टोपांबद्दल. सुगंधाला म्हणाली, "तुम्ही इथंच बसा. फक्त मध्ये बोलू नका, आणि तिच्यासमोर रडू नका." सर्वेश अंगणात माडाला टेकून उभा राहिला. आतून मुलीचा आवाज येत नव्हता. मग थोडा आला. मग मोठा खंड. मग परत थोडा.

बाहेर आल्यावर बाईनं चहा मागितला आणि उभ्यानंच प्यायला.

"ती बोललीय. कायद्याला तिचं बोलणं पुरतं. आता आईनं टिकायला हवं."

सर्वेशनं घुटमळत विचारलं, "मॅडम, आधीचं कोणी असलं तर? म्हणजे तेव्हा लहान होता, आता मोठा झालाय."

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तो आताही सांगू शकतो. पण त्याच्या वतीनं तुम्ही नाही सांगायचं. मला त्याचं नावसुद्धा नको. सांगायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल."

आबाला घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मांडावर माणसं जमली. कोणी आरडाओरड केली नाही. सगळे शांतपणे, समजुतीनं बोलत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. इतकी वर्षं पोरं आबाच्या अंगाखांद्यावर वाढली, कधी कोणाचा शब्द आला नाही. शिवा घरात नाही, बाईमाणूस घाबरतं, पोरीच्या बोलण्याचा भलता अर्थ काढतं. डॉमिंगो तेवढा म्हणाला, "पोरगी कित्याक खोटा सांगात?" तर कोणीतरी म्हटलं, "तू गप रव रे, तुमच्यात वेगळा असता." त्यावर डॉमिंगो उठून गेला.

संध्याकाळी सुगंधा पिशवी भरत होती. संचिताचे फ्रॉक, दप्तर, एक बाहुली.

"माहेराक नेवन ठेवतंय तिका," ती म्हणाली. "मॅडमांका सांगतलंय, माका पुढे न्हेवचा नाय. आजून एक जरी कोण बोललो असतो तर मी उभी रवलंय असतंय. एकटी मी किती जणांच्या तोंडाक लागू? शिवा पण फोनवर गप बसलो."

"चार दिवस थांब," सर्वेश म्हणाला. ते कशाच्या जोरावर म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो देवगडला गेला. अनिश आंब्याच्या गोदामात पेट्या भरत होता. दारातच हापूसचा वास, आत गवताचा धुरळा. अनिशनं त्याला पाहिलं आणि हसला, अगदी पाचवीतलं हसू.

"फुकटचे आंबे खावक इलंस?"

"असोच इलंय."

"असोच कोण देवगडाक येता? बोट बुडवलंस काय?"

"नाय रे." सर्वेश एका उलट्या पेटीवर बसला. वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं काही आठवेना. "बाबलीआबाक पोलीस घेवन गेले."

अनिशनं हातातला आंबा गवतात बसवला, देठ वर करून. दुसरा घेतला. तो चुकीचा बसला. परत काढला, फिरवला, परत बसवला.

"पोर कोणाचा?"

गोदामात पंख्याचा आवाज होता. सर्वेशनं पोराबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

"शिवाचा. संचिता. आबान सांगितल्यान, सुरूतला काय तरी लागला."

अनिश नाकातून हसला, आवाज न करता.

"माका पण सुरूतलाच लागलेला," तो म्हणाला. "आयेन गाऱ्हाणा घातल्यान. कोंबो दिल्यान. मगे एकदा मी सगळा सांगलंय तिका. तेच्या दुसऱ्या दिवशी मामाकडे धाडल्यान."

"म्हणजे तिका कळलेला."

"कळला म्हणानच धाडल्यान मा. ती तरी काय करतली एकटी?" त्यानं पेटीवर गवत पसरलं, उगाचच सारखं केलं. "तुझा पान माका दिल्यान हां तिनं. पेडव्यांचा. रडत रडत खाल्लंय."

"माका वाटला, पेडव्यांवरसून रुसलंस."

"तू मेल्या सगळा खाण्यावरच न्हेतंस."

दोघं हसले आणि मग हसू कुठं ठेवायचं ते दोघांनाही कळेना. बाहेर टेंपो मागं घेत होते, कोणीतरी "येव दे, येव दे" ओरडत होतं.

सर्वेशनं मांडावरचं सांगितलं. सुगंधानं भरलेल्या पिशवीचं सांगितलं. "तू ये असा मी म्हणूक इलंय नाय," तो म्हणाला. "तुझा नाव खंयच घेवक नाय. तू हयसून नाय म्हणलंस तरी कोणाक कळाचा नाय. फक्त तुका म्हायत आसाचा म्हणान इलंय."

अनिशनं पेटीचं झाकण घेतलं, खिळे तोंडात धरले आणि ठोकायला लागला. एक खिळा वाकला. तो उपटून परत ठोकला. पेटी उचलून थप्पीवर ठेवली आणि तिथंच, थप्पीला हात लावून, पाठमोरा उभा राहिला.

"तेव्हा माझी आये कोणाक सांगाक गेली असती," तो म्हणाला, "तर ह्या चेडवाक कायएक झाला नसता."

"तसा नको म्हणू."

"म्हणत नाय. नुसता मनात येता." तो वळला. "त्या चेडवाक खंय धाडू नको म्हणान सांग सुगंधाक. धाडला काय तेका वाटता, चूक आपलीच."

"तू सांग. माझ्यापेक्षा तुझा आयकात."

अनिशनं हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, आंब्याचा चीक जाईपर्यंत. मुकादमाला काहीतरी सांगून आला. खुंटीवरचा शर्ट काढून घातला, बटणं चुकली, परत लावली.

"आदी सुगंधाक भेटतंय. मॅडमाचा मगे बघू."

"बरा."

बाहेर उन्हात मोटरसायकलची सीट तापलेली होती. सर्वेशनं किक मारली. अनिश मागं बसला नाही. तो बाजूला उभा राहून हेल्मेटचा पट्टा हातात घोळवत होता.

"वाटेत इचारशीत," तो म्हणाला. "माका म्हायत आसा तू. तुका गप रवाक जमणा नाय."

सर्वेशनं गाडी बंद केली. टेंपो गेला, धूळ खाली बसली.

"नाय इचारूचंय," तो म्हणाला. "हयसून घरापर्यंत नाय, आणि परत आणून सोडताना पण नाय. उद्या नाय, पुढच्या वर्षाक नाय. तू जितका सांगशीत तितकाच आयकान, आणि कायएक सांगूक नाय तरी तुझ्या वांगडा येयन."