पूजेतला पाना आणि अर्धवट आवळलेला मी

मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. मी आहे एक जुना ऑइल कूलर. छोट्या विमानाच्या इंजिनाला चिकटून राहायचं, त्याचं कढत तेल पोटात घ्यायचं, समोरच्या वाऱ्यानं ते गार करायचं आणि परत धाडायचं, एवढंच माझं काम. आता औरंगाबादच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात पडून आहे. तेल नाही, वारा नाही. जीव नुसता तळमळतो.

परदेशातल्या कारखान्यात पातळ पत्र्याच्या पाकळ्या जोडून मला घडवलं. गवत भरलेल्या खोक्यात बसून मी चिकलठाण्याच्या धावपट्टीशेजारी, एका फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये आलो. तो दिवस खंडेनवमीचा होता. तिथे दोन मेकॅनिक होते. उस्मानपुऱ्याचे गयासभाई वयानं मोठे, आणि बद्रीनाथ त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. दोघांची फार घाई चालली होती. लासूर स्टेशनकडचे जमीनदार नानासाहेब हौसेनं विमान चालवायचे. यंदा दसऱ्याला आईला विमानातून सीमोल्लंघन घडवतो, असा शब्द त्यांनी दिला होता आणि जुना कूलर नेमका तेव्हाच गळायला लागला होता.

गयासभाईंनी मला रबरी वायसर घालून बसवलं. इंजिन थरथरतं, रबर नसेल तर माझी कड चिरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग दोन्ही नळ्या जोडून नट हातानं फिरवले. आता फक्त पान्यानं आवळायचे राहिले. तेवढ्यात बद्रीनाथनं पूजेसाठी पाने मागितले. भटजी खोळंबले होते. सणाच्या कामात खोडा नको म्हणून गयासभाईंनी सगळे पाने मुकाट्यानं दिले. उद्या सकाळी पूजा उचलली की बद्रीनाथ नट आवळेलच, असं ते धरून चालले. आणि बद्रीनाथला वाटलं, पाने दिले म्हणजे काम झालं. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. आणि ज्यांनी हातात पाना धरायला शिकवलं त्यांनाच ‘आवळलं का?’ असं कसं विचारायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथनं इंजिनावरचं झाकण लावलं. नानासाहेबांच्या आई, नव्या लुगड्यातल्या द्वारकाबाई, लेकाशेजारी बसल्या. पंखा फिरू लागला. मला उडायची केवढी ओढ होती! पण तेल तापलं तसं ते नटातून पाझरायला लागलं. माझा जीव कासावीस झाला. अहो, कुणीतरी बघा ना माझ्याकडे!

विमान धावपट्टीकडे निघालं, तेव्हा गयासभाई दसऱ्याच्या भेटीला आले. बद्रीनाथनं त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. त्यांनी सहज विचारलं, “पूजा कवा उचलली?”

“अजून कुठं? सांजच्याला उचलीन.”

गयासभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दोघंही हात हलवत विमानामागे धावले. नानासाहेबांना वाटलं, सणाच्या शुभेच्छा देताहेत. त्यांनी हसत हात हलवला आणि वेग वाढवला. द्वारकाबाईंनी मात्र मागे वळून त्या दोघांची तोंडं पाहिली.

“नाना, थांबव,” त्या म्हणाल्या. “भ्यालेत ती माणसं.”

विमान थांबलं. झाकण काढलं, तर तेलाचा ओघळ पार चाकापर्यंत आला होता. अजून थोडा वेळ गेला असता, तर आभाळात इंजिन कोरडं पडलं असतं. ते मनात आलं की आजही माझ्या पाकळ्यांना कंप सुटतो.

बद्रीनाथ धावत जाऊन कुंकू लागलेला पाना घेऊन आला. गयासभाईंनी नट आवळले, कमी झालेलं तेल भरलं. दोघं खाली मान घालून उभे राहिले.

“मी बोललो नाय, माँजी,” गयासभाई म्हणाले.

“मी इचारलं नाय,” बद्रीनाथ म्हणाला.

द्वारकाबाई रागावल्या नाहीत. “मंग आता इचार. माझ्यासमोर.”

बद्रीनाथनं मान वर केली. तो म्हणाला, “गयासभाई, नट आवळले का?”

“आवळले. तू हात लावून बघ.”

त्यानं हात लावून पाहिला. इंजिन पुन्हा चालू करून दोघांनी वाकून बघितलं. मी कोरडा होतो. मगच द्वारकाबाई परत विमानात चढल्या आणि आम्ही वेरूळच्या डोंगरावरून सीमा ओलांडून आलो. त्या वाऱ्याची आठवण अजून मला झोपू देत नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी राबलो. माझी वाखाणणी झाली, मग नवा कूलर आला आणि मी अडगळीत गेलो. माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसलीत तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. दुसऱ्यानं केलं असेल असं मानून गप्प बसू नका. मान राखून विचारा, पण विचारा. त्या शेडमध्ये तोंड नव्हतं ते फक्त मला.