राखाडी पानाच्या दोन कडा

दुपारी भिंगरी झोपली की घरातला उजेडसुद्धा पाय न वाजवता चालतो. भिंगरी म्हणजे आमची लेक. जागी असली की तिच्यामागे फिरून आपल्यालाच घेरी येते, म्हणून हे नाव. झोपते ती फक्त माझ्या मांडीवर. गादीवर टेकवली की डोळे टक्क उघडे. आणि ती मांडीवर असताना मी लॅपटॉप उघडला, की त्या उजेडाने आधी पापण्या थरथरतात, मग एक डोळा उघडतो, मग हात थेट कीबोर्डवर.

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक असतं ना, ते छापायला जाण्याआधी तपासायचं, हे माझं काम. ते कुणी वाचत नाही, असं नवऱ्याचं मत. मी मात्र प्रत्येक ओळ कुठली तरी आई वाचणार आहे असं धरून चालते, आणि भिंगरी झाल्यापासून तर डोळ्यांत तेल घालून. आमच्या विभागप्रमुख, मोठ्या बाई, त्यांनी निरोप दिला होता: घरून जमणार असेल तर सोमवारपासून सुरू कर, नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. जमेल की नाही, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून शनिवारी आम्ही तिघं ई-इंकची वाचनयंत्रं मिळतात त्या दुकानात गेलो. कागदासारखा पडदा, डोळ्यांवर येणारा उजेड नाही, वर पेनने खुणा करता येतात, असं ऐकलं होतं. जिना चढतानाच भिंगरी खांद्यावर विरघळली. दुकानदारकाकांनी लगेच आवाज खाली आणला आणि छोटा ई-रीडर पुढे केला. गोष्टी वाचायला छान, पण आमचं पत्रक त्यात मावेना. अक्षर मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर.

मग त्यांनी वहीएवढा मोठा आणला. पान उलटताना तो क्षणभर काळा व्हायचा, पापणी मिटावी तसा. नवं पान उमटलं तरी आधीच्याची पुसट छाया त्याखाली रेंगाळायची, जाग आल्यावर स्वप्न रेंगाळतं तशी. खिडकीपाशी बसून मी पानं उलटत राहिले. मानेवर लेकीचा ऊन श्वास, समोर धुक्यासारखं पान. काही वाचत होते असंही नाही.

"लग्नाला हो म्हणताना एवढा विचार केला नव्हतास," नवरा कुजबुजला.

"म्हणून तर आता करते."

काकांनी हसू दाबण्यासाठी चष्मा पुसायला घेतला.

पण दुकानातल्या नमुन्यावर विसंबणारी मी नव्हे. केव्हाच छापून झालेलं एक जुनं पत्रक मेलमधून त्यात घेतलं, सगळ्या दुरुस्त्यांसकट. आणि तिथेच अडले. आमच्याकडची रीत अशी की तपासणाऱ्याची दुरुस्ती लाल, कंपनीच्या डॉक्टरांची हिरवी, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर हिरवी खरी. दुरुस्त्या टाइप केलेल्या असतात, त्यामुळे अक्षर ओळखायचीही सोय नाही. इथे लालही राखाडी आणि हिरवंही राखाडी. मुलांच्या मात्रेपाशी दोन रेघा गुंतल्या होत्या. एक गोळी की अर्धी? डॉक्टर काय म्हणत होते, ते काही केल्या कळेना.

काकांनी रंगीत पडद्याचा आणून दिला. रंग होते, पण धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यांसारखे, आणि पान इतकं काळसर की आतला दिवा लावावा लागला. तो लागला तशा भिंगरीच्या पापण्या थरथरल्या. मी दिवा मालवला.

नाही सांगून मोकळं व्हावं, म्हणून मोठ्या बाईंना फोन लावला. राखाडी पडदा, गोळी, सगळं हळू आवाजात सांगितलं. त्यांनीही आवाज उतरवला, जणू त्यांच्याही मांडीवर कुणी झोपलंय.

"अगं, आपल्या डॉक्टरांना तरी लाल-हिरवं कुठे वेगळं दिसतं?"

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पण ते जन्मापासूनचं होतं. म्हणून डॉक्टरांनी आल्याआल्याच बाईंशी ठरवून टाकलं होतं, की त्यांचं सगळं डाव्या समासात आणि तपासणाऱ्याचं उजव्या. रंग आपले बाकीच्यांसाठी.

"उजवीकडे लिहायला तुला मीच शिकवलं," बाई म्हणाल्या. "का, ते तू कधी विचारलं नाहीस."

मी पान पुन्हा पाहिलं. गुंतलेल्या रेघांतली एक उजवीकडे निघाली होती, माझ्या शंकेपाशी. दुसरी डावीकडे. तिच्या टोकाशी लिहिलं होतं, अर्धी. रंगच बघत आले इतके दिवस. पानाच्या कडा कधी दिसल्याच नाहीत.

"मग सोमवारी पत्रक पाठवू?"

"पाठवा," मी म्हणाले, आणि नवऱ्याला तो मोठा राखाडी उचलायची खूण केली.

सोमवारी दुपारी पडदे ओढले. मांडीवर भिंगरी, तिच्या पलीकडे उशीला टेकवलेलं ते धूसर पान. खोकल्याच्या औषधाचं पत्रक होतं. उजव्या समासात मी पहिली खूण केली. पान मिटलं, उघडलं, आधीच्या ओळी खालून विरत गेल्या. झोपेतच भिंगरीने हात पसरला, तो नेमका डाव्या समासावर.

ती जागा डॉक्टरांची, मी मनात म्हटलं. हात मात्र उचलला नाही.