टॉवेलचा हंस

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत नीट बसवली आणि पलंगासमोर हात जोडून उभे राहिले.

"भूषण, देख! मना आहेर कया रे यास्नी!"

पलंगावर पांढरा टॉवेल होता. नुसता नाही, हंस केलेला. लांब मान, दुमडलेले पंख, समोर एक चॉकलेट. सिंगापूरच्या बंदरातून जहाज अजून हललंही नव्हतं. आम्ही तिघं, मी, आबा आणि आजी, बॅगा ओढत नुकतेच केबिनमध्ये शिरलो होतो.

"जहाजवर पाय ठेवा नही, तं लगेच आहेर," आजी म्हणाली. "तुम्ही काय जवाई शेतस का त्यासना?"

"जवाई नही, पाव्हना तं शे ना!"

आबांनी हंस दोन्ही हातांनी उचलला. मान सोडवली, पंख सोडवले, टॉवेल झटकला आणि खांद्यावर घेतला. तेवढ्यात दारावर टकटक. आमच्या केबिनचं बघणारा माणूस आला होता. वायान नाव. इंडोनेशियाचा, चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा. त्यानं आबांच्या खांद्यावरचा टॉवेल बघितला, हसला आणि हात जोडून वाकला. त्यांच्याकडे पण तशीच पद्धत असावी.

आबा पण वाकले.

झालं. आबांच्या डोक्यात पक्कं बसलं.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मी खिडकीपाशी मोबाईल वर धरून रेंज शोधत होतो. खरं ते सांगतो.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. झुलाल नाव. चाळीसगावला वॉलमन होते. एकतीस वर्षं. सायकलच्या दांड्याला ती उंच लोखंडी चावी बांधलेली. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत घालायची, फिरवायची, आणि मग अख्ख्या गल्लीच्या नळांना पाणी. बस, एवढंच काम. पण उन्हाळ्यात वॉलमन म्हणजे गल्लीचा देव. देवाला लोक काय काय दाखवतात! "झुलालभाऊ, दहा मिनिटं जास्त चालू राहू द्या, चहापाणी बघतो." कोणी सायकलच्या पिशवीत नोट टाकून पळायचं. आबा त्याच्या घरी जाऊन, बायकोपोरांसमोर ती नोट परत द्यायचे. परत कोणाची हिंमत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला पुष्पाअक्का राहतात. त्यांच्या दारासमोरच वॉल. एकतीस वर्षं त्या विचारायच्या, "झुलालभाऊ, चहा?" आणि एकतीस वर्षं आबा म्हणायचे, "नको अक्का. आज चहा लिसू, सकाय तुम्हना नळ जास्त चाली." त्या चिडायच्या. "एक कप चहानं मी काय धरण विकत घेतेय का तुमचं?" पण आबा नाही म्हणजे नाही.

रिटायर झाले त्या दिवशी पुष्पाअक्कांनी सगळ्या गल्लीसमोर टॉवेल-टोपी देऊन त्यांचा सत्कार केला. तेवढं मात्र आबांनी घेतलं. अख्ख्या नोकरीत घेतलेली ती एकच वस्तू. "पैसा घेणं येगळं, मान घेणं येगळं," असं त्यांचं म्हणणं. तो टॉवेल, तांबड्या काठाचा, आजीच्या पत्र्याच्या पेटीत असायचा. जहाजावर फोटो काढायचे म्हणून मुद्दाम सोबत आणला होता.

ही ट्रिप सुलक्षणा मावशीची. ती पुण्याला नर्स आहे. तिनं आजी-आबांचे पैसे भरले आणि मला इंग्रजी बोलायला सोबत पाठवलं. माझं इंग्रजी म्हणजे मोबाईल रिपेअरिंगचे व्हिडिओ बघून शिकलेलं. चार्जिंग, डिस्प्ले, नो प्रॉब्लेम. एवढ्यावर मी परदेश काढला.

काय दिवस होते पण! आजी लिफ्टमध्ये प्रत्येक गोऱ्या बाईला "जेवन व्हयनं का?" विचारायची, आणि त्या बायका हसून मान हलवायच्या. आबांना एवढं पाणी बघून दोन तास बोलताच येईना. मग म्हणाले, "यानी चावी कोठे व्हई रे?"

दुसऱ्या दिवशी पलंगावर हत्ती आला. तिसऱ्या दिवशी जेवून आलो तर हँगरला माकड लटकलेलं. आबा खूश. वायान दिसला की हात जोडायचे, तो पण जोडायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या टूरचे लीलाधरभाऊ, जळगावचे, त्यांनी सगळ्यांना वरच्या डेकवर चहाला बोलावलं. हातात पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा.

"उद्या सकाळी उतरायचं," ते म्हणाले. "आपल्या केबिनवाल्याला टिप द्यायची. ज्याची त्याची खुशी. पाकिटात टाका, नाव लिहा, द्या."

"आता परत कसले पैसे?" एक काका म्हणाले. "टूरचे भरले ना सगळे?"

"काका, देश तसा वेश. जपानला मी टेबलावर सुट्टे ठेवून निघालो, तर ती पोरगी माझ्यामागं रस्त्यावर पळत आली परत द्यायला. तिकडं टिप ठेवली तर त्यांना वाटतं आपण काही विसरलो. अमेरिकेत ठेवली नाही तर वेटर विचारतो, जेवण आवडलं नाही का? इथं या जहाजावर पगार कमी, टिपवरच घर चालतं त्यांचं."

"मी त्याला शेवेचं पाकीट दिलंय," मागून एक काकू म्हणाल्या. "अख्खं."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पाकीट हातातही घेतलं नाही.

केबिनमध्ये आल्यावर स्फोट.

"चहापानी! त्या भल्या मानूसले मी चहापानी देऊ? ज्यानी मना तीनदाव आहेर कया, त्याले? एकतीस साल मी कोनाना कप लिन्हा नही, आनि आते दुसराले बिघाडू?"

"मंग काय हात हालावत उतरशात?" आजी म्हणाली.

"नही. टॉवेल-टोपी देसू. मनाजोडे नवी टोपी शे. त्याना टॉवेल बी मी जपी ठेयेल शेतस. येक बी वापरा नही."

"कुठं ठेवलेत?" मी विचारलं.

आबांनी बॅग उघडली. वर लेंगे, खाली चार पांढरेशुभ्र टॉवेल. हत्तीला दोन लागले होते.

"आबा," मी म्हणालो, "हे आपले नाहीत हो. जहाजाचे आहेत. सगळ्याच केबिनमध्ये करतात, हंस, हत्ती. सजावट असते ती. आहेर नाही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग बॅगेकडे. मग पलंगावर बसले.

"म्हंजे मी चोरी कई?"

"चोरी कशी? तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहित नव्हतं आसं तं सगळाच चोर म्हनतस."

एकतीस वर्षं कोणाचा चहा न घेतलेला माणूस, आणि बॅगेत चार टॉवेल. मी म्हणालो, आपण पलंगावर ठेवून देऊ, कोणाला कळणार पण नाही. आबा म्हणाले, "मले कयनं ना."

त्यांनी टॉवेल बाहेर काढले. काठाला काठ लावून एकावर एक घड्या घातल्या. टोपी सरळ केली. आणि मला सांगितलं, "बलाव त्याले."

वायान आला. आबा उठून उभे राहिले आणि चारही टॉवेल दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढं केले. जसं काही ताटच आहे.

"सांग त्याले," आबा म्हणाले. "बठ्ठं सांग. काही झाकू नको."

मी सांगितलं. आमच्याकडे टॉवेल म्हणजे मान. त्यांना वाटलं तुम्ही मान दिला. म्हणून ठेवून घेतले. माफ करा म्हणतात. डिस्प्ले, चार्जिंग, नो प्रॉब्लेम यातलं काही उपयोगी आलं नाही, पण तेव्हा कसं काय माहीत, बोलता आलं.

वायान हसला नाही. त्यानं टॉवेल दोन्ही हातांनी घेतले. मग म्हणाला, अकरा वर्षं झाली जहाजावर. रोज वीस-वीस जनावरं करतो. लोक येतात, ओढतात, तोंड पुसतात. पोरं उशीसारखं मारतात. हंस सांभाळून ठेवलेला माणूस मला आज भेटला. मग तो आबांकडे बघून म्हणाला, "मानच होता, सर. तुम्हालाच कळला."

मी आबांना सांगितलं. आबांनी दोनदा विचारलं, "आसं म्हने का तो? खरंच?"

"खरंच."

मग आबांचा चेहरा जो काही झाला! ते म्हणाले, मग त्याला सांग, मला पण शिकव. आणि दोघं पलंगाशी वाकले. वायाननं दोन्ही बाजूंनी टॉवेल गुंडाळला, टोक मुडपलं, मान उभी केली. आबांनी दुसरा घेतला. त्यांच्या हंसाची मान पडायची. आजी म्हणाली, "तुम्हना हंसले पाजा काही, चक्कर ई ऱ्हायनी त्याले." वायानला काही कळलं नाही तरी तोच सगळ्यात जास्त हसला. पाचव्या वेळी आबांची मान उभी राहिली. म्हणजे हंसाची. म्हणजे दोघांचीही.

आजीनं मला कोपर मारलं. "इचार त्याले, पोरंसोरं शेतस का?"

वायाननं मोबाईल काढला. सहा वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेले. आयू नाव. सात महिने झाले, बघितलं नाही म्हणाला, फोनवरच.

आजी आबांकडे वळली. "आयका. आपन कोनाना घरथून निंघतस, तं पोरीना हातवर काही ठेवतस का नही?"

"ठेवतस."

"त्याले चहापानी म्हनतस का?"

आबा बॅगेकडे वळले. मी बघत होतो. एकतीस वर्षांचा वॉल, आणि आजीनं एका वाक्यात फिरवला.

आबांनी बॅगेतून नवी टोपी काढली, वायानच्या डोक्यावर ठेवली. थोडी मोठी झाली. मग तांबड्या काठाचा टॉवेल काढला. तोच, पुष्पाअक्कांचा. मी म्हणालो, "आबा, तो?" ते म्हणाले, "आपला टॉवेल तं हाऊच शे." आणि त्याच्या खांद्यावर घातला. नारळ नव्हता, म्हणून आजीनं न्याहारीतून आणलेलं संत्रं त्याच्या हातात दिलं.

मग आबांनी मावशीनं वरखर्चाला दिलेली नोट काढली. घडी घातली. वर आपला एक रुपया ठेवला, कारण शकुनाला एक पाहिजेच. "पोरीना हातवर," म्हणाले.

वायान मागं सरकला. "नो सर, नो सर, प्लीज!" हात पाठीमागं. आबा पुढं. तो दाराला टेकला. आबांनी त्याच्या शर्टाच्या खिशात घातली, त्यानं काढली, आबांनी त्याची मूठ धरून दाबली. आजी मध्ये पडली, "राहू दे रे बाबा, पोरीनं शे ते, तुनं नही!" अगदी चाळीसगाव स्टँडवर बस सुटताना होतं, तसं. शेवटी त्यानं नोट आणि रुपया दोन्ही कपाळाला लावले.

आबा माझ्याकडे वळले. डोळे चमकत होते.

"देखं का? नही म्हनस तो! आपलाच मानूस शे रे!"

लीलाधरभाऊंचं पाकीट टेबलावर तसंच कोरं राहिलं. आजीनं त्यात सुपारी भरून आणली.

घरी आलो त्याला महिना झाला, त्या दिवशी आबा नवा टॉवेल घेऊन ओट्यावर बसले. दहा मिनिटांनी हंस हातात घेऊन गल्लीतून चालायला लागले. पोरं मागं. मी पण मागं.

पुष्पाअक्का दारात गहू निवडत होत्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत. आबांनी हंस त्यांच्यासमोर ठेवला.

"अक्का, तुम्ही दियेल टॉवेल मी दी टाका."

"कोणाला?"

आबांनी सांगितलं. सगळं. चोरीचं पण. मी मोबाईलवर फोटो दाखवला, वायाननं घरी टॉवेल-टोपी पाठवल्यावर त्याच्या बायकोनं काढलेला. उतरताना त्यानं माझा नंबर घेतला होता, त्यावर आलेला. टोपी आयूच्या नाकापर्यंत आलेली, खाली ती दोन दातांची फट. तांबडा काठ जमिनीला टेकलेला.

पुष्पाअक्कांनी फोटो लांब धरून बघितला. बराच वेळ. मग हंसाच्या पाठीवरून हात फिरवला. नेहमीच्याच सवयीनं म्हणाल्या, "चहा?" आणि उत्तराची वाट न बघता परत गव्हाकडे वळल्या.

"व्हऊ द्या," आबा म्हणाले.

पुष्पाअक्कांचा हात सुपातच थांबला. आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग साखरेच्या डब्याचा. बशीसकट कप आणला, चांगल्यातला, निळ्या फुलांचा. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

तेवढ्यात नळातून हवा फुसफुसली. पाणी आलं. गल्लीत बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. पुष्पाअक्का सवयीनं गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

"बठा, अक्का," आबा म्हणाले. "आजून पाऊन तास चाली ते."

आणि बशीत चहा ओतून त्यांनी सावकाश फुंकर घातली.