सुयांचा अर्धा तास

दादांच्या अंगात चार पाहुणे एकदमच मुक्कामाला आले होते: साखर, रक्तदाब, चरबी आणि पुढे आलेलं पोट. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. जोडीला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायच्या असतील तर खुशाल घ्या, पण गोळी चुकवू नका, असंही बजावलं. दादांनी मान डोलावली आणि आठवड्याभरात साखरेची गोळी सोडली.

दादा मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या गरम रोलरवर चादरी सोडायचे. गोळी घेतली की पोटात मुरडा यायचा, आणि रोलर सोडून पळावं तर मागे ओल्या चादरींचा ढीग आणि मुकादमाची बडबड. हे डॉक्टरांना सांगायचं सोडून हा भला माणूस रोज गोळी जिभेखाली धरायचा आणि बेसिनात थुंकायचा. सुयांना मात्र त्यांनी कधी दांडी मारली नाही.

आज तणतणत बायकोही सोबत आली. रक्ताच्या तपासणीत साखर आणखी वाढलेली निघाली होती. गोळी लागू पडत नाही, आता इन्सुलिनचं बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुमच्या सुया आता बंद," तिने सुयांच्या बाईंना दारातच सांगितलं. "एवढं टोचून उपयोग काय झाला?"

बाई हात धूत होत्या. दर वेळी विचारायच्या तेच त्यांनी दादांना विचारलं, "पोट कसं आहे?"

"छान."

"तुमचं नेहमी छानच. या गोळीने सुरुवातीला बऱ्याच जणांचं पोट बिघडतं. तुमचं एकदाही कसं नाही बिघडलं?"

दादांना आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "घेतच नाही," ते म्हणाले. "पोटात मुरडा येतो."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, मी रोज पाण्याचा पेला हातात देते की!"

"सुया गोळीच्या जोडीला आहेत, बदल्यात नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि तो दिसत होता. "आधी डॉक्टरांना खरं सांगा. पोटाला सोसेल असं काहीतरी देतील. तोवर मी सुई लावणार नाही."

"पोट दुखतं हे मला तरी सांगायचंत!" बायको म्हणाली. "आणि गोळी घ्यायची नव्हती तर इथे कशाला येत होतात?"

दादा पडद्यामागच्या अरुंद पलंगाकडे बघत राहिले. पाय भरून आले होते.

"सुया नकोत, बाई," ते हळूच म्हणाले. "नुसता अर्धा तास पडू का? सुया लावल्यावर मला कोणी हाक मारत नाही."

बायकोच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं. तिने ते गिळलं. घरात उठल्यापासून 'अहो, अहो' कोण करतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिला रडूच आलं.

तेवढ्यात दादांच्या खिशातला फोन वाजला. लाँड्रीतूनच होता. तिने तो काढून घेतला.

"पडा," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन फोनवर खेकसली, "झोपलेत ते."