ताकदीचा मापाडी

मित्रांनो, मी वडप्याला हायवेलगत एका गॅरेजच्या जमिनीत बसवलेला जुना डायनो आहे. गाडीच्या इंजिनाची ताकद मोजणे हे माझे काम. माझ्या जड रोलरांवर गाडीची चाके चढवतात आणि गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधतात. चाके पळतात, रोलर फिरतात, गाडी मात्र जागच्या जागी. रोलरांचा वेग कसा वाढला, त्यावरून मी चाकांपर्यंत पोचलेली ताकद सांगतो.

माझा जन्म कोइमतूरचा. पुढे मालक बदलले आणि मी पडघ्याच्या एका गोदामात ताडपत्रीखाली गंजत पडलो. या गॅरेजच्या मालकीण संघरत्नाताईंनी मला तिथून आणले, रोलर घासून लखलखीत केले. तेव्हापासून एकच गाडी कितीदाही आणा, मी तेच उत्तर देतो. याचा मला फार अभिमान आहे.

तरी एकदा माझ्यावर आळ आलाच. केसरीनाथकाकांच्या जीपचे इंजिन ताईंनी उघडून दुरुस्त केले होते. स्वतःच्या गॅरेजात पूर्ण उघडलेले ते त्यांचे पहिलेच इंजिन. ताकद वाढली नाही तर जीप भंगारात घालीन, असे काकांनी बजावले होते. दुरुस्तीआधी मी बावन्न अश्वशक्ती दाखवली होती. नंतर दाखवली एक्कावन्न.

"वाढली न्हाय, हाय ती पन उतरली," काका म्हणाले. "पोरी, तुझा हात वाईट का तुझी मशीन खोटी?"

ताईंनी पुन्हा चाचणी घेतली. मी पुन्हा एक्कावन्नच सांगितले. मशीन ठाम आहे, म्हणजे या वेळी दुसरेच काही बदलले असणार, असे म्हणत त्या वाकून पाहू लागल्या. टायर खाली चपटे झाले होते. या वेळी गाडी नव्या मदतनीस हितेशने बांधली होती. तो आधी गोदामात ट्रकवर माल बांधायचा. त्याच सवयीने त्याने पट्टे आवळले होते.

"हितेश, ही जीप नाशिकला पाठवायची नाहीये रे," ताई म्हणाल्या. हितेश ओशाळून हसला.

टायर दबले की बरीच ताकद त्यांच्यातच खर्च होते, माझ्यापर्यंत पोचतच नाही. ताईंनी पट्टे, पहिल्या चाचणीच्या वेळी त्यांवर केलेल्या खुणेपर्यंत सैल केले. मी सांगितले, सत्तावन्न.

काकांचा चेहरा खुलला. "अजून ढिले कर, साठ होतील."

"नाही काका. दोन्ही वेळी सारखंच बांधलं, तरच वाढ खरी."

काकांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "सत्तावन्न तं सत्तावन्न. पन माझी हायेत."

मित्रांनो, माझे रोलर पुसून ठेवा, टायरमध्ये हवा दर वेळी तेवढीच भरा, पट्टे तेवढेच ओढा. एवढी काळजी घेतलीत, तर माझा आकडा काकांप्रमाणेच निर्धास्तपणे घरी न्या.