नाक नसलेली मडम

विलायतेहून आलेल्या चित्रातल्या मडमेला नाकच काढलेलं नव्हतं. चित्रात काय राहून गेलंय ते सांगायचं. नाही सांगता आलं तर अक्कल कमी. धुळ्याच्या डॉक्टर भालेरावांचा या चाचणीवर देवासारखा भरवसा होता.

एरंडोलकडच्या झुलालनं आपल्या विधवा भावजयीला, सुंदरबाईला, त्यांच्या दवाखान्यात आणलं. शेतातला वाटा मागायला लागल्यापासून तिला वेड लागलंय, असं त्याचं म्हणणं.

चित्र निरखून ती म्हणाली, "कपायले कुकू नही."

डॉक्टरांनी शून्य मांडलं. पण घाईनं कुणावर वेडाचा शिक्का मारणारा माणूस नव्हे तो. आठवड्यानं त्यांनी तिला पुन्हा बोलावलं. तेच चित्र, तेच उत्तर. दोन्ही खेपेला एकच निकाल, म्हणजे चाचणी खणखणीत. वेड्यांच्या इस्पितळात धाडायच्या कागदावर त्यांनी निर्धास्तपणे सही केली.

झुलाल गाडी जुंपायला बाहेर गेला. सुंदरबाई उठली. पांढऱ्या कपाळावर पदर ओढत तिनं टेबलावरच्या मडमेकडे बोट दाखवलं आणि हलकेच विचारलं, "भाऊ, हिलेबी तठेच धाडशात का?"