थंड दुधाचा पेला

१९६७ साल. ताई इंटर सायन्सला होती. तिला हव्या असलेल्या वैद्यकीय कॉलेजच्या प्रवेशासाठी तेव्हा तोंडी परीक्षाही असे. एक माणूस पेशंटचं सोंग घेऊन समोर बसायचा आणि मुलांनी प्रश्न विचारून त्याचं दुखणं काढून घ्यायचं. म्हणून आमच्याकडे रोज संध्याकाळी दवाखाना भरायचा. बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागची खोली, शिवणयंत्राशेजारी स्टूल, खुर्चीत ताई. मी कंपाउंडर, म्हणजे दार उघडायचं आणि हसायचं नाही.

बाबा पेशंट म्हणून अगदीच वाया गेलेले. “डॉक्टरीणबाई, माझं पोट रोज जरा मागे पडतं हो.”

“बाबा, नीट करा ना! नापास करतील मला.”

“मग किल्ली देऊन बघा.”

आत्या मात्र सोंग छान वठवायची. आई गेल्यापासून तीच शाळांचे गणवेश शिवता शिवता आमचं घर बघत होती. स्टुलावर बसली की हळू आवाजात सांगायची, “पावाचा घास छातीशी अडकतो. पाणी प्यायलं की उतरतो.” ताईने काहीही विचारलं तरी अडखळायची नाही. शेवटी दर वेळी म्हणायची, “मग काय करू?”

ताई पुस्तकात बोट घालून ऐटीत सांगायची, “जळजळ आहे, बाई. थंड दूध घ्या, तिखट बंद.”

आत्याचा जीव त्या स्टुलावर टांगणीला लागला होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

काही दिवसांनी दुधात बुडवलेला पावही अडकायला लागला. “वा आत्या, काय झकास वाढतंय तुझं दुखणं!” ताई म्हणाली. आत्याही हसली. तिची अंगठी सैल व्हायची, मी आतून दोरा गुंडाळून द्यायचे. ती पुन्हा सैल व्हायची. शेवटी दोऱ्याची जाड गादीच झाली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ताई वैतागली. “आज तरी दुसरं काहीतरी घे ना. गुडघा दुखव.”

आत्याने बोटातली अंगठी दोऱ्यासकट फिरवली.

“दुसरं कशाला? हेच अजून बरं झालं नाही. तू सांगितलंस तसं रोज थंड दूध घेते गं. आता दूधही उतरत नाही.”

“तुम्हाला हे कधीपासून...” ताईने सवयीने सुरुवात केली आणि तिची नजर आत्याच्या बोटावर गेली. “आत्या, तू खरंच पितेस ते दूध?”

“डॉक्टरकडे जायची भीती वाटते. तुझी नाही वाटत.”

बाबा दारात येऊन उभे राहिले. डोळ्यावरचं भिंग काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

सकाळी ते आत्याला इस्पितळात घेऊन गेले. ताई जायला तयार नव्हती, आत्यानेच तिला दटावून परीक्षेला पाठवलं.

ताईचा निकाल लागला तेव्हा आत्या नव्हती. बाबा आणखी बरीच वर्षं जगले, पण दुखण्यावर विनोद त्यांनी पुन्हा केला नाही. ताई मोठी डॉक्टर झाली. बोलता बोलता कुणी औषध विचारलं की उठते, हात धुते आणि तपासायलाच बसवते. नाहीतर गप्प राहते. अंगठी माझ्याकडे आली. आज मी आत्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे, आणि ती माझ्या बोटात दोऱ्याशिवाय बसते. अजून तरी.